घोळ चित्रांचा नाही, पानांच्या हिशेबाचा

सात हिरोंच्या टीमच्या या कॉमिक अंकाबद्दल ‘सातही हिरो एका पानात कोंबले, चित्रकारानं वाट लावली,’ हे तुमचं म्हणणं अर्धंच पटतंय राव. मूळ घोळ पटकथेत आहे. कथेची पानं २०. दोन सलामीच्या जोडचित्रात (दोन पानांवर पसरलेलं एकच चित्र) गेली, चार मागच्या अंकाचं उगाळण्यात. उरली १४, पानाला चित्रांच्या पाच चौकटी धरा, झाल्या ७०. सात जणांत माणशी दहा! अन् खलनायकाचा वाटा अजून काढायचाच आहे. पंगत वाढली की वरणात पाणी, तसली गत.

१९६० साली जस्टिस लीग या अमेरिकी सुपरहिरो टीमच्या पहिल्याच कथेत लेखक गार्डनर फॉक्सनं टीम वाटून टाकली: कुणी एकटा, कुणी जोडीनं वेगळ्या आघाडीवर, शेवटी सगळे एकत्र. इथं सगळे पहिल्यापासून घोळक्यात.

चित्रकाराची चूक म्हणाल तर पान ११ बघा. प्रश्न विचारणारा उजवीकडं उभा, उत्तर देणारी डावीकडं. आपण वाचतो डावीकडून, म्हणजे उत्तर आधी! ते टाळायला संवादाचे फुगे उलटे लावले तर बोलणाऱ्याकडं जाणाऱ्या त्यांच्या शेपट्या एकमेकींना कापतात. इथं तेच झालंय. कोण काय बोललं, कळंनाच. दोघांच्या जागा बदलल्या असत्या तर भागलं असतं.

पुढचा अंक संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात दिसला तर पैसे द्यायच्या आधी माणशी चौकटी मोजा.