वडिलांसाठी म्युझिक सिस्टीम: चाळीस हजार की दीड लाख?

पूर्वभागकर:
वडिलांनी एकतीस वर्षं यंत्रमाग चालवला, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. आता घरीच असतात. घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण गाणं त्यांना मराठीच लागतं: भीमसेनजींचे अभंग, जुनी नाट्यगीतं. मागाच्या खडखडाटात आयुष्य गेलं, आता निवांत बसून चांगलं ऐकू देत, असं मी पहिल्या पगारापासून मनात धरलंय. एक लाख साठ हजार जमलेत.

पुण्यात एका दुकानात दीड लाखाचा जोड ऐकला, ॲम्प्लिफायर आणि उभे टॉवर स्पीकर. तानपुऱ्याची तार न् तार सुटी ऐकू आली, माझ्या अंगावर काटा आला. वडील म्हणाले, "चांगलंय, पण शब्द कळंनात." मग चाळीस हजारांचा जोड लावला, छोट्या बुकशेल्फ स्पीकरचा. तरी तेच. आमची खोली १० बाय १२, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. कमी पैसे घातले तर वडिलांसाठी हात आखडला, असं मला कायम टोचत राहील. किती घालू?

विजापूर रोड:
दादा, एवढ्याशा खोलीत टॉवर नकोत, खालचा आवाज कोपऱ्यात घुमत राहील. पुरुष गायकाचा सा पेटीच्या काळी एक पट्टीचा धरला तर तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालची तार, साधारण ६९ हर्ट्झला (सेकंदाला ६९ कंपनं) येतो. पाच-साडेपाच इंची वूफरचा (खालचा आवाज काढणारा भाग) चांगला बुकशेल्फ तिथपर्यंत पोचतो. वॅटच्या आकड्यांना भुलू नका, वॅट दुप्पट झाले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. वायर अडीच स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची चालेल. ॲम्प्लिफायरला ट्रेबल-बासची, म्हणजे वरचा-खालचा आवाज कमीजास्त करायची बटणं मात्र हवीतच, काही महागड्या ॲम्पना ती नसतात. आणि शहाबादीवर सतरंजी टाका, समोरच्या भिंतीवर आपल्या सोलापुरी चादरी दुहेरी करून, भिंतीपासून थोड्या सुट्या टांगा. माझ्या खोलीतला खणखणाट यानेच गेला.

श्रवणतपासणी:
मी ऑडिओलॉजिस्ट आहे, ऐकण्याची तपासणी करते. तुमच्या प्रश्नातलं "शब्द कळंनात" वाचून थांबले. मागाच्या खात्यात ९५-१०० डेसिबल आवाज असतो, आणि कारखान्यासाठी मर्यादा आहे आठ तासांना ९०. अशा आवाजाने आधी ४००० हर्ट्झच्या आसपासची, म्हणजे उंच आवाज ऐकण्याची ताकद जाते. स्वर ऐकू येतात. स, श, च, त निसटतात. दोन्ही जोडांवर तेच झालं, म्हणजे अडचण स्पीकरमध्ये नसावी. आवाज वाढवून ती सुटत नाही, उलट उरलेल्या ऐकण्यालाही धोका. खरेदी थांबवा आणि आधी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख काढा.

पूर्वभागकर:
ताई, काल काढला. दोन्ही कानांचा आलेख २००० पर्यंत बरा आहे, ४००० ला थेट ६० डेसिबलवर उतरलाय, म्हणजे तिथला आवाज तेवढा मोठा झाल्याशिवाय त्यांना ऐकूच येत नाही. मी तो कागद बराच वेळ बघत बसलो. घरी टीव्हीच्या आवाजावरून त्यांना किती वेळा बोललो असेन, ते सगळं आठवलं.

श्रवणतपासणी:
अशा उताराला श्रवणयंत्राचा चांगला उपयोग होतो. दोन्ही कानांना घ्या, आणि संगीतासाठी वेगळा प्रोग्राम असलेलं बघा. बोलण्यासाठी लावलेल्या सेटिंगवर तानपुरा कधी कधी गोंगाट समजून दाबला जातो. ट्रायलला जाताना त्यांच्या आवडीचं गाणं सोबत न्या.

पूर्वभागकर:
आज ट्रायल झाली. मोबाईलवरच अभंग लावला. वडील म्हणाले, "यात टाळ आधीपासून होते का रे?" मला पुढं बोलताच येईना.

एक लाख दहा हजार यंत्रांना, उरलेल्या पन्नासात बुकशेल्फ आणि बटणांचा ॲम्प. विजापूर रोडवाले दादा, चादरी एका भिंतीला पुरतील की दोन्हींना लावू?

विजापूर रोड:
आधी स्पीकरच्या समोरच्या भिंतीला लावा, वडिलांच्या डोक्यामागं. मग ऐकून ठरवा.