स्कोलिओसिस (पाठीच्या कण्याचा बाजूला बाक): असेसमेंटमध्ये (डॉक्टरांच्या निदानात) प्रकार लिहिलेला नसेल तर कोड कोणता?

प्रश्न
अमेरिकेतल्या पेडियाट्रिक ऑर्थोचा चार्ट आहे. मुलगी १४ वर्षांची. डॉक्टरांच्या नोटमध्ये उजवा थोरॅसिक (छातीच्या भागातला) कर्व्ह, कॉब (एक्स-रेवर मोजलेला बाकाचा कोन) ५२ अंश, शिखर टी८ (छातीचा आठवा मणका); खाली लंबर (कमरेचा) कर्व्ह ३० अंश, शिखर एल२ (कमरेचा दुसरा मणका). असेसमेंटमध्ये मात्र नुसतं ‘स्कोलिओसिस’. एम४१.९ (प्रकार न सांगता स्कोलिओसिस, हा निदानाचा आयसीडी-१०-सीएम कोड) वर ऑथरायझेशन (विम्याची आगाऊ मंजुरी) नाकारलं गेलं. वय पाहून थेट एम४१.१२५ (किशोरवयातला इडिओपॅथिक, थोरॅकोलंबर) लावू का? सर्जरी टी४ ते एल१ पोस्टेरिअर फ्यूजन (पाठीमागून मणके एकमेकांना जोडणं), रॉड-स्क्रूसह.

उत्तर १
लावू नका. ‘इडिओपॅथिक’ (कारण माहीत नसलेला) हे डॉक्टरांनी लिहायला हवं, वयावरून कोडरने ठरवायचं नाही. याच वयात हेमिव्हर्टिब्रा (जन्मतः अर्धाच बनलेला मणका) निघाली तर कोड क्यू७६.३, आणि त्याच्या जोडीला एम४१ चालत नाही, एक्सक्लूड्स १ (दोन्ही कोड एकत्र लावायचे नाहीत, अशी टीप) आहे. सेरेब्रल पाल्सी असेल तर एम४१.४ (न्यूरोमस्क्युलर, म्हणजे मज्जातंतू-स्नायूंच्या आजारामुळे) गट आणि मूळ आजाराचा जी८० वेगळा.

शिवाय १२५ म्हणजे थोरॅकोलंबर, म्हणजे टी१२-एल१ पाशी शिखर असलेला कर्व्ह. इथे छातीत एक आणि कमरेत एक असे दोन आहेत. एम४१ मध्ये ‘अनेक जागा’ असा कोड नाही, त्यामुळे दोन्ही लागतील: डॉक्टरांनी अ‍ॅडोलेसंट इडिओपॅथिक लिहून दिलं की एम४१.१२४ आणि एम४१.१२६. तोवर एम४१.९ च बरोबर आहे, नोटच अपुरी आहे.

उत्तर २
डॉक्टरांना क्वेरी (लेखी विचारणा) पाठवा, पण ‘हे अ‍ॅडोलेसंट इडिओपॅथिकच ना?’ असं विचारू नका, ती लीडिंग क्वेरी (उत्तर सुचवणारा प्रश्न) होते. नोटमधले निष्कर्ष मांडा आणि पर्याय द्या: इडिओपॅथिक, जन्मजात, न्यूरोमस्क्युलर, इतर, सांगता येत नाही. कर्व्ह कितव्या वर्षी सापडला हेही विचारा. आठव्या वर्षी सापडला असेल तर तो जुव्हेनाइल (किशोरवयाआधीचा), म्हणजे एम४१.११४ आणि ११६. आजचं वय बघून इथे हमखास चूक होते.

कोन आणि बाजू कोडमध्ये कुठेच येत नाहीत. म्हणून ऑथरायझेशनसोबत जाणाऱ्या नोटमध्ये कॉब, मागच्या एक्स-रेपासून वाढ किती, रिसर (हाडांची वाढ किती झाली याची श्रेणी) आणि ब्रेसचा (आधारपट्ट्याचा) इतिहास असलाच पाहिजे. कोड सुधारून नोट तशीच ठेवली तर पुन्हा नकार येईल.

उत्तर ३
सर्जरीत डिस्क नव्हे, मणके मोजा. टी४ ते टी१२ नऊ, एल१ धरून दहा. म्हणून सर्जरीचे सीपीटी कोड: २२८०२ (७ ते १२ मणके) आणि इन्स्ट्रुमेंटेशनचा (रॉड-स्क्रूचा) २२८४३. तो अ‍ॅड-ऑन (मुख्य कोडला जोडून लागणारा) आहे, ५१ मॉडिफायर (एकापेक्षा जास्त प्रक्रिया झाल्याची खूण) नको. २२६१२ (कमरेचं साधं फ्यूजन) इथे लावायचा नाही, डिफॉर्मिटीसाठी (बाकासाठी) २२८०० ची मालिका आहे.

प्रश्नकर्ता
ऑप नोटमध्ये (सर्जरीच्या नोंदीत) प्रत्येक लेव्हलला फॅसेटेक्टमी (मणक्यांमधला छोटा सांधा काढणं) आहे. २२२१२ (छातीच्या मणक्याची ऑस्टिओटॉमी, म्हणजे हाड कापणं) मिळेल?

उत्तर ३
नुसत्या फॅसेटेक्टमीवर नाही, ती फ्यूजनच्या तयारीतच धरली जाते. ऑस्टिओटॉमीसाठी कोणत्या लेव्हलला कोणतं हाड काढलं आणि बाक सुधारण्यासाठी ते का लागलं, हे सर्जनने लिहिलेलं हवं.