बिग बेसिनचे जुने रेडवुड वृक्ष आगीनंतर जिवंत आहेत का?

प्रश्न (जुळे सोलापूर)
आमची मुलगी कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे राहते आणि या उन्हाळ्यात आम्ही उभयता तिच्याकडे जाणार आहोत. तेथून जवळच असलेले बिग बेसिन रेडवुड्स हे राज्य उद्यान हजार वर्षांहून जुन्या सदाहरित वृक्षांसाठी प्रसिद्ध आहे. मात्र २०२० च्या वणव्यात ते जवळपास संपूर्ण होरपळल्याचे वाचले. ते वृक्ष वाचले आहेत का? त्यांचे बी सोलापुरात रुजेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर (होटगी रस्ता)
बहुतेक जुने रेडवुड वाचले आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये कोरड्या (पावसाविना पडणाऱ्या) विजांमुळे लागलेल्या त्या आगीने उद्यानाचा सुमारे ९७ टक्के भाग व्यापला आणि मुख्यालयाची जुनी इमारतही जळाली. तरीही या वृक्षाची साल फूटभर जाड असू शकते, तिच्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते आणि चटकन पेटणारी राळ जवळजवळ नसते, त्यामुळे आतला जिवंत थर बहुधा सुरक्षित राहतो. शिवाय सालीखाली वर्षानुवर्षे सुप्त राहिलेले डोळे आगीनंतर जागे होतात आणि काळ्याठिक्कर खोडावर बुंध्यापासून वरपर्यंत हिरवे धुमारे फुटतात. रेडवुडसोबत वाढणाऱ्या डग्लस फर या सूचिपर्णी झाडाला असे फुटवे येत नाहीत. ती झाडे मोठ्या संख्येने मेली. म्हणून पूर्वीच्या छायाचित्रांतील गर्द सावलीची अपेक्षा ठेवू नये. पण एवढे जुने अरण्य पुन्हा उभे राहताना पाहायला मिळणे ही माझ्या मते त्याहून मोलाची गोष्ट आहे.

उत्तर (नान्नज)
बियाण्याबाबत स्पष्ट लिहितो. त्या उद्यानातून बी किंवा बियांचे शंकू उचलण्यास मनाई आहे आणि परदेशी बियाणे भारतात आणण्यासाठी परवाना लागतो. त्याहून मोठी अडचण हवामानाची आहे. तेथील उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ पडत नाही. पॅसिफिक महासागरावरून येणारे धुके पानांवर साचते, काही पाणी पाने थेट शोषतात आणि उरलेले ठिबकून उथळ मुळांना मिळते. एप्रिल-मे महिन्यांत चाळीस अंशांपुढे जाणाऱ्या आपल्या कोरड्या हवेत ही सोय कोठून होणार? झाड लावायचेच असेल तर अंगणात कडुलिंब लावावा. माळरानावर मात्र झाडे लावू नयेत, कारण आमच्याकडचे गवताळ माळ ही माळढोकाची हक्काची जागा आहे.

उत्तर (होटगी रस्ता)
बिग बेसिन हे १९०२ साली स्थापन झालेले कॅलिफोर्नियातील सर्वांत जुने राज्य उद्यान असून जुलै २०२२ पासून ते अंशतः खुले झाले आहे. वाहनतळाची आगाऊ नोंदणी मुलीला आधीच करून ठेवण्यास सांगावे. न जळलेले, घनदाट जुने अरण्य पाहण्याची इच्छा असेल आणि एक मुक्काम शक्य असेल, तर उत्तरेकडील हम्बोल्ट रेडवुड्स राज्य उद्यानातील रॉकफेलर अरण्यात जावे. उन्हाळ्यातही सकाळी तेथे चांगलाच गारठा असतो, त्यामुळे स्वेटर सोबत ठेवावेत.