१३ वर्षांची वॅगन आर, वर्षाला जेमतेम २ हजार किमी. फुल इन्शुरन्स ठेवू की फक्त थर्ड पार्टी?

सिंहगडरोडवाला
नमस्कार मंडळी, बाबांची २०१२ ची वॅगन आर आहे, ९९८ सीसी पेट्रोल, मीटरवर ३१ हजार झालेत म्हणजे बघा किती फिरते ती. भाजी, आईचं डॉक्टर, आणि वर्षातून एकदा वाईला गावी, बस. रिन्यूअलचा मेसेज आलाय ६,७२६ चा, गाडीची आयडीव्ही (गाडी पूर्ण गेली तर मिळणारी रक्कम) फक्त १ लाख १५ हजार. एकही क्लेम नाही, एनसीबी (क्लेम न केल्याची सूट) ५०% आहे. आता रोज ६० किमी पळणाऱ्या गाडीला जो दर तोच आमच्या उभ्या गाडीला का? बाबा म्हणतायत नुसतं थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरतं) घे, मला धाकधूक वाटतेय. काय करू?

पेट्रोलपंप
थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं, आणि तो फक्त सीसीवर असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेला दर १००० सीसीपर्यंत २,०९४, त्यावर १८% जीएसटी. किती किमी चालवता याचा तिथे काही संबंध नाही. किमीप्रमाणे सूट हवी तर 'पे ॲज यू ड्राइव्ह' बघा, विमा नियामक आयआरडीएआयने जुलै २०२२ मध्ये परवानगी दिलीये. मी माझ्या आय टेनला घेतलंय, मीटरचा फोटो अपलोड करायचा आणि किमीचा स्लॅब निवडायचा. पण सूट फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर मिळते, त्यामुळे तुमच्या केसमध्ये फार तर काहीशे रुपये वाचतील.

गुलमोहर
दादा मी हेच केलं होतं, पोटतिडकीने सांगते, करू नका. आमची सँट्रो सोसायटीत उभीच असायची म्हणून फक्त थर्ड पार्टी घेतलं, आणि जूनच्या पहिल्याच वादळात गुलमोहराची फांदी थेट टपावर. टप चेपून मागच्या सीटला टेकला होता, पुढची काच सीटवर सांडलेली, आणि लेकीची शाळेची छत्री त्या काचेखाली. ३८ हजार खिशातून गेले. उभ्या गाडीला धोका रस्त्यावरचा नसतोच हो, ती जिथे उभी असते तिथला असतो. तुम्ही सिंहगड रोडला राहता म्हणजे जुलै २०२४ ला एकतानगरीत पुराने काय झालं ते बघितलंच असेल, आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने कितीतरी लोकांच्या पार्किंगमधल्या गाड्या नेल्या.

जुनाएजंट
२२ वर्षं या धंद्यात होतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो. ६,७२६ या आकड्याकडे बघू नका, पॉलिसीचं कोटेशन उघडा आणि ओन डॅमेजची ओळ वेगळी काढा, निर्णय तेवढ्याच रकमेचा आहे. १० वर्षांवरच्या गाडीला क्लेममध्ये पत्र्याच्या पार्टवर ५०% घसारा लागतो, प्लॅस्टिक-रबरवरही ५०%, काचेवर मात्र काही नाही आणि मजुरी पूर्ण मिळते, वरून हजार रुपये तुमच्या खिशातून जातात. म्हणजे छोट्या डेंटसाठी क्लेम करूच नका, ५०% चा एनसीबी एका क्लेमने शून्यावर येतो. कव्हर ठेवायचं ते पूर, झाड, चोरी, आग यासाठी. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५% च्या वर गेला तर टोटल लॉस धरतात, म्हणून प्रीमियम कमी दिसावा म्हणून आयडीव्ही खाली ओढू नका.

आणि एक गोष्ट लोकांना माहीतच नसते. ओन डॅमेज सोडलं आणि ९० दिवस उलटले की एनसीबी गेला. तो ठेवलात तर उद्या ही गाडी विकून नवीन घेताना एनसीबीचं लेटर मिळतं, ३ वर्षं चालतं, नव्या गाडीच्या ओन डॅमेजवर ५०% सूट. तिथे खरे पैसे वाचतात.

बाबांच्या लायसन्सची तारीख आजच बघा, संपलेलं लायसन्स असेल तर ॲक्सिडेंटचा क्लेम अडकतो. आणि पार्किंगमध्ये पाणी शिरलं तर किल्ली फिरवायची नाही, टो करून न्यायची. पाण्यात स्टार्टर मारून इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत ते मिळत नाही.

सिंहगडरोडवाला
काका खूप खूप आभार, कोटेशन उघडून बसलो. ओन डॅमेज एनसीबी वजा जाता १,७६०, थर्ड पार्टी २,०९४, १५ लाखाचा पीए (मालक-चालकाचा अपघात विमा) ३५०, आणि रोडसाइड असिस्टन्स, चावी हरवल्याचं कव्हर वगैरे मिळून १,४९६, जे आम्ही कधी मागितलंच नव्हतं! पीए बाबांच्या स्कूटरवर आहे, मग इथे परत लागेल का?

जुनाएजंट
नाही, १५ लाखाचा एक चालू असला की पुरे. तसं डिक्लेरेशन द्या.

सिंहगडरोडवाला
झालं. पीए आणि ती कव्हरं काढून जीएसटीसकट ४,५४८ आले. नुसतं थर्ड पार्टी २,४७१ होतं, म्हणजे फरक २,०७७ चा, बाबांनी स्वतः कागदावर मांडून बघितलं आणि हो म्हणाले. लायसन्स मात्र पुढच्या महिन्यात संपतंय, मेडिकल सर्टिफिकेटसाठी उद्याच घेऊन जातोय त्यांना. गुलमोहरताई, आमची गाडीपण झाडाखालीच असते, सोसायटीत आज फांद्या छाटायचा अर्ज टाकलाय.