चाक लॉक होतं, जाम होतं की खिळतं?

शब्दवेल्हाळ: एका गाडीच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करतेय. एबीएसला (अँटिलॉक ब्रेकिंग सिस्टीम, जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) एबीएसच ठेवलंय, त्यावर वाद नको. अडलंय पुढे. करकचून ब्रेक दाबला की चाक फिरायचं थांबतं, पण गाडी पुढे जातच राहते. या अवस्थेला काय म्हणायचं? आधीच्या भाषांतरकाराने ‘चाक कुलूपबंद होणे’ लिहून ठेवलंय. शिवाय एबीएस कामाला लागलं की पायाखालचं पेडल थडथडतं, त्यालाही शब्द हवाय. ‘पेडल स्पंदन पावते’ लिहायला हात धजत नाही.

ग्रीसचा डबा: जाम. कुठल्याही गॅरेजात विचारा.

तिरकस: जाम म्हणजे गंजून किंवा बेअरिंग जाऊन अडकलेलं. ते पाय काढला तरी सुटत नाही. इथे दाब कमी झाला की चाक लगेच फिरायला लागतं, आणि एबीएसचा सगळा खेळ त्यावरच आहे. चाकाजवळचा सेन्सर दातेरी कड्यावरून वेग मोजतो. एखादं चाक एकाएकी मंदावलं, की त्या चाकाच्या ब्रेकचा दाब झडपेतून सोडायचा, चाकाला वेग घेऊ द्यायचा, पुन्हा धरायचं. हे सेकंदाला अनेकदा. पुस्तिकेत ‘जाम’ वाचून माणूस गाडी ढकलत मेकॅनिककडे नेईल.

पोथीनिष्ठ: घरचा शब्द असताना उसनवारी कशाला? संस्कृत कील, त्यावरून खीळ, खिळा, खिळणे. कामाला खीळ बसते तशी चाकाला बसते. ‘चाक खिळले’. आणि यंत्रणा म्हणजे ‘खीळरोधी गतिरोधक प्रणाली’.

ग्रीसचा डबा: अहो, गतिरोधक रस्त्यावर असतो. त्यावरून गाडी उडते.

धुरा: लॉकच्या मागे लागायचं कारण नाही. इंग्रजीला चाकाला कुलूप दिसलं, जर्मनला अडथळा दिसला. तिकडचा शब्द ‘अँटिब्लॉकीरझ्युस्टेम’, आद्याक्षरं तीच. बॉशची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा 1978मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली ती याच नावाने. त्याआधी, 1950च्या दशकात, डनलॉपचं ‘मॅक्सारेट’ विमानांच्या चाकांवर बसलं होतं. त्यात इलेक्ट्रॉनिक्स औषधालाही नव्हतं, वेगात फिरणाऱ्या जडचक्रावर (फ्लायव्हीलवर) काम चालायचं. तेच 1966च्या जेन्सन एफएफ मोटारीत आलं. विमानवाले आजही ‘अँटिस्किड’ म्हणतात. म्हणजे त्यांना कुलूपही दिसलं नाही नि अडथळाही, घसरणं दिसलं. मग ‘घसरणरोधी’ का नको?

तिरकस: कारण ते चूक आहे. थोडं घसरल्याशिवाय टायर रस्ता नीट धरतच नाही. डांबरी रस्त्यावर साधारण 10 ते 20 टक्के घसरण असते, म्हणजे चाक गाडीच्या वेगापेक्षा तेवढं हळू फिरतं, तेव्हा पकड सर्वाधिक. चाक पूर्ण थांबलं म्हणजे 100 टक्के. तेव्हा पकड कमी होतेच, शिवाय स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी वळत नाही. एबीएस घसरण रोखत नाही, बेताची ठेवतं.

धुरा: मग त्या 100 टक्क्यांना ‘फरफट’ म्हणा. फिरणारं चाक चालतं, थांबलेलं फरफटतं. यात कुलूपही नाही, खीळही नाही.

पोथीनिष्ठ: फरफट माणसांची होते. पुस्तिकेत शोभत नाही.

धुरा: आणि खीळ विकासाला बसते. रोज पेपरात.

शब्दवेल्हाळ: ‘फरफटणे’ आवडलं. पण मूळ मजकुरात पुढे ‘थांबण्याचे अंतर कमी होते’ असंही आहे.

तिरकस: ते तसंच उतरवू नका, कंपनीला कळवा. सुट्या खडीवर फरफटणारं चाक पुढ्यात खडीचा ढीग लोटतं नि त्याला अडूनच थांबतं. तिथे एबीएसवाली गाडी जास्त अंतर घेऊ शकते. खरा फायदा ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते, हा.

शब्दवेल्हाळ: कळवते. आणि पेडल?

ग्रीसचा डबा: पायडल. पायाने दाबतात म्हणून.

पोथीनिष्ठ: मुळात पायाचाच शब्द आहे तो, लॅटिनमधल्या ‘पेस’वरून. आपला ‘पाद’ त्याचाच भाऊ. ‘पायटा’ का म्हणू नये?

तिरकस: थडथडतं तेव्हा पाय काढू नका, दाबून धरा, हे ठळक छापा. बिघाड झाला समजून नेमके तेव्हाच लोक पाय उचलतात. क्रियापद ‘थडथडते’च ठेवा.

पोथीनिष्ठ: थडथडतात दात, थंडीने.

ग्रीसचा डबा: ते कडकडतात. बरं, मला वेगळंच विचारायचंय. ‘ब्रेक लागला’ म्हणतो, पण ‘ब्रेक फेल झाले’. दाबताना एक नि फेल होताना अनेक, हे कसं?

धुरा: चार चाकांना चार ब्रेक, म्हणून.

ग्रीसचा डबा: सायकलचेही ‘फेल झाले’च म्हणतात की!