मदत हवी आहे: गाजलेल्या गुन्ह्यांचे जुने कागद, वर्तमानपत्राचा एक अंक तपासायचाय आणि एक पत्र घ्यावं का ते कळत नाहीये

नमस्कार मंडळी,

गेली सात-आठ वर्षं मी गाजलेल्या गुन्ह्यांशी संबंधित कागद जमवतोय, म्हणजे त्या त्या दिवसाची वर्तमानपत्रं, वाँटेड पोस्टर्स असं. हत्यारं, कपडे नाही. त्या दिवशी लोकांना पहिल्यांदा नेमकं काय कळलं होतं ते वाचायला मिळतं म्हणून कागद. प्रसिद्ध अमेरिकी वैमानिक लिंडबर्गच्या बाळाचं अपहरण झालं तेव्हाचं १९३२ चं पोस्टर आहे माझ्याकडे, पुनर्मुद्रणच आहे, पण त्यात वय २० महिने, केस सोनेरी कुरळे, हनुवटीवर खळी असं वाचताना अजूनही पोटात कालवतं.

आता अडचण. लिंकनच्या खुनाची बातमी असलेला न्यूयॉर्क हेराल्डचा १५ एप्रिल १८६५ चा अंक घेतलाय, 'घरातल्या जुन्या ट्रंकेत होता' असं सांगून दिला, पहिल्या पानावर मधोमध लिंकनचं चित्र आहे, कागद तपकिरी पडलाय आणि घडीवर तुकडे पडतायत. हा खरा आहे का?

दुसरं जास्त छळतंय. एका संग्राहकाने अदलाबदलीत एका खुन्याचं सहीचं पत्र देऊ केलंय, तो माणूस अजून तुरुंगात जिवंत आहे. ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटने असल्या वस्तू २००१ मध्येच बंद केल्या हे माहितीये, पण बाकी ठिकाणी सर्रास चालतं. टपालाने बॉम्ब पाठवणाऱ्या 'उनाबॉम्बर' कझिन्स्कीच्या वस्तूंचा तर २०११ मध्ये अमेरिकी सरकारनेच लिलाव केला, पण ते पैसे पीडितांना द्यायचे होते, इथे तसं काहीच नाही. दोन रात्री हाच विचार चाललाय, कृपया स्पष्ट सांगा.

प्रतिसाद १
अंक नक्कल आहे, वाईट वाटतंय सांगताना. मूळ अंकात पहिल्या पानावर लिंकनचं चित्रच नव्हतं, ते नंतरच्या पुनर्मुद्रणांत घातलं, आणि अशी पुनर्मुद्रणं इतकी निघाली की बहुतेकांच्या ट्रंकेत तीच सापडतात. कागदही बघा, त्या काळचा कागद चिंध्यांच्या लगद्याचा असायचा, तो दीडशे वर्षांनीही बऱ्यापैकी लवचिक राहतो, तुकडे पडतात ते लाकडाच्या लगद्याच्या कागदाचे. ट्रंकेच्या गोष्टीवर कधीच जाऊ नका, आधी कोणाकडे होता ते लेखी मागा.

पत्राचं म्हणाल तर मी नाही घेणार. १८६५ चं दुःख सोसलेलं आता कोणी उरलेलं नाही, इथे मेलेल्याची आई कदाचित जिवंत असेल. अमेरिकेतला मालिका खुनी डाहमर, त्याच्या वस्तू १९९६ मध्ये मिलवॉकी शहरातल्या लोकांनी वर्गणी काढून विकत घेतल्या आणि नष्ट केल्या, लिलावाचे पैसे पीडितांच्या घरच्यांना मिळणार होते, त्याऐवजी हे वर्गणीचे पैसे त्यांना दिले. मला ते पटतं.

धागाकर्ता
मनापासून आभार. आत्ताच भिंग घेऊन बघितलं, कडा नुसत्या बोटाने चुरतायत. पत्र नको असं त्या संग्राहकाला कळवलं. अजून एक, या नक्कलेवर पेन्सिलने 'पुनर्मुद्रण' लिहून ठेवलं तर चालेल ना, माझ्यानंतर कोणी खरा म्हणून विकायला नको?