'ट्रक ब्रेकडाउन्ड' यात चुकलं काय?

डिस्पॅचवाला, उद्यमबाग

नमस्कार मंडळी. मी बेळगावात उद्यमबागेत एका फाउंड्रीत डिस्पॅच बघतोय. शिक्षण मराठी शाळेत, पुढं आयटीआय. इंग्रजी म्हणजे चलनावर नि मेलमध्ये लागतं तेवढंच.

गेल्या आठवड्यात आमचा ट्रक तवंदी घाटात बंद पडला. गिऱ्हाइकाला मेल केला: 'ट्रक ब्रेकडाउन्ड अ‍ॅट तवंदी घाट. वी पिकअप्ड द मटेरियल इन अनदर ट्रक. टू मोल्ड्स रनआउटेड, सो डिस्पॅच पुटऑफ्ड टिल मंडे.' तिकडच्या माणसाचा फोन आला, निम्मा वेळ तो हसतच होता. माल वेळेत हवा म्हणून ओरडला असता तर चाललं असतं, पण हसला ते लागलं.

घरी पोरग्याला दाखवलं, नववीत आहे. म्हणाला, "पप्पा, ब्रोक डाउन. पिक्ड अप. ईडी शेवटी लावायचा नसतो." बरं म्हटलं. दोन दिवसांनी त्याचीच वही बघतो तर 'आय सॉ द बॅग अँड पिक्ड अप इट' याच्यावर लाल रेघ, आणि खालच्याच ओळीत 'आय लुक्ड अ‍ॅट इट' बरोबर! का, ते त्यालाही सांगता येईना.

तर दोन प्रश्न. एक, आपला हात ईडी शेवटीच का लावतो? दोन, 'लुक्ड अ‍ॅट इट' चालतं आणि 'पिक्ड अप इट' का चालत नाही?

निपाणीकर

यादी पाठ करा हो. गिव्ह अप, पुट ऑफ, टेक ऑफ, रोज दहा. दुसरा उपाय नाही.

डिस्पॅचवाला, उद्यमबाग

अर्थाची यादी आहे माझ्याकडं. अर्थ कळतोय, जोडणी कळत नाही.

खानापूरच्या बाई

यादी पाठ करून मुलांच्या चुका सुटल्या असत्या तर माझी तीस वर्षांची लाल शाई वाचली असती.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मराठीतच आहे. 'पुट ऑफ'ला आपण काय म्हणतो? पुढे ढकलणे. भूतकाळ केला की 'पुढे ढकललं'. 'पुढे' आहे तसाच राहिला, बदललं ते क्रियापद. इंग्रजीतही अगदी हेच होतं. फरक एवढाच की आपलं क्रियापद शेवटी बसतं आणि त्यांचं आधी. काळ शेवटच्या शब्दाला लावायची सवय आपल्या कानात जन्मापासून आहे. म्हणून इंग्रजीतही हात शेवटच्या शब्दाकडे जातो, आणि तिथे बसलेला असतो बिचारा 'अप' नाहीतर 'डाउन'. त्याला काळ घेता येत नाही.

दुसरं कारण बाजारातलं. 'ब्रेकडाउन', 'पिकअप', 'लॉगिन' हे शब्द आपल्याकडे नाम म्हणून आले, एका दमात उच्चारलेले. आपण 'ब्रेकडाउन झाला', 'लॉगिन केलं' म्हणतो, काळ 'झाला-केलं' सांभाळतात. तोच अखंड शब्द इंग्रजी वाक्यात नेला की 'ब्रेकडाउन्ड' तयार. इंग्रजीत नाम असेल तर जोडून, क्रियापद असेल तर तोडून: द ट्रक हॅड अ ब्रेकडाउन, पण द ट्रक ब्रोक डाउन. नामात जोर 'ब्रेक'वर येतो, क्रियापदात 'डाउन'वर. मोठ्यानं म्हणून बघा.

आणि 'डिड' आला की तो भूतकाळ स्वतःकडे घेतो. इट डिड नॉट ब्रेक डाउन. तिथे 'ब्रोक' नको.

आता 'इट'. शाळेत शब्दयोगी अव्यय आणि क्रियाविशेषण अव्यय शिकलेलं आठवतंय का? 'तो झाडावर चढला' यात 'वर' झाडाला चिकटलाय, तो शब्दयोगी. 'तो वर चढला' यात 'वर' मोकळा आहे, तो क्रियाविशेषण. इंग्रजीत 'अ‍ॅट' झाडावरच्या 'वर'सारखा आहे. ज्याच्याकडे बघितलं त्याला तो धरून असतो, म्हणून 'लुक्ड अ‍ॅट इट'. 'पिक अप'मधला 'अप' मोकळा, त्याची सोयरीक क्रियापदाशी. वस्तूचं नाव असेल तर दोन्ही चालतं: 'पिक्ड अप द बॅग', 'पिक्ड द बॅग अप'. पण 'इट', 'हिम', 'देम' असे छोटे शब्द आले की त्यांना मध्येच बसवायचं, 'पिक्ड इट अप'.

गंमत म्हणजे एकच शब्द दोन्ही कामं करतो. 'ही रॅन अप द हिल', म्हणजे समजा राजहंसगडाची चढण पळत चढला. 'ही रॅन अप अ बिल', म्हणजे कुंद्याच्या दुकानात उधारी वाढवली. दिसायला सारखी वाक्यं. आता 'इट' घालून बघा. चढणीचं 'रॅन अप इट' होतं, उधारीचं 'रॅन इट अप'. संशय आला की मी मुलांना हीच चाचणी करायला लावायचे.

टिळकवाडीचा लेगस्पिनर

बाई, क्रिकेटवाल्यांना एवढं लागत नाही! व्हॅक्सिन डेपोवर रोज संध्याकाळी आम्ही 'रनआउट झाला' ओरडतोय. इंग्रजी कॉमेंट्रीत लक्ष द्या. फील्डरनं केला तर 'ही रॅन हिम आउट', 'रॅन आउट हिम' कधीच नाही. बॅटरबद्दल बोलायचं तर 'ही वॉज रन आउट'. इथं 'रॅन' नाही, 'रन', कारण 'वॉज'पुढं तिसरं रूप लागतं. 'हिम' मध्ये, 'आउट' शेवटी, आणि काळ 'रन'च्या अंगावर.

बाकी डिस्पॅचवाले, तुमच्या 'रनआउटेड'वर थर्ड अंपायरची गरज नाही.

खानापूरच्या बाई

'वॉज रन आउट' छान आठवलंत. चाळीस मिनिटांच्या तासात फळ्यावर मला हे सुचलं नव्हतं.

चिकोडीचा

आमच्या घरात आई कन्नड बोलते, वडील मराठी. कन्नडमध्ये 'मुंदक्के हाकिदरु' म्हणजे पुढं ढकललं. तिथं पण 'मुंदक्के' तसाच, काळ 'हाकिदरु'मध्ये, तोही शेवटी. म्हणजे दोन भाषा येणाऱ्या पोराला दोन्हीकडनं तीच सवय. आमच्या गल्लीत 'गिव्हप्ड' म्हणणारे काय थोडेथोडके न्हाईत.

डिस्पॅचवाला, उद्यमबाग

बाई, 'पुढं ढकललं' डोक्यात बसलं बघा. पोरग्याला पण झाडावरचा 'वर' सांगितला. तो म्हणाला, मग हे मराठीच्या तासाला कशाला शिकवतात, इंग्रजीच्या तासाला शिकवा की.

मेल नव्यानं लिहिलाय, पाठवायच्या आधी नजर टाका: 'द ट्रक ब्रोक डाउन अ‍ॅट तवंदी घाट. वी पिक्ड अप द मटेरियल इन अनदर ट्रक. वी रॅन आउट ऑफ मेटल इन टू मोल्ड्स, सो वी पुट ऑफ द डिस्पॅच टिल मंडे.' 'पुट'चं 'पुटेड' होत नाही हे पोरग्यानंच सांगितलं.

खानापूरच्या बाई

व्याकरण चोख. पण एक विचारते. तुमचं लोखंड संपलं होतं, की साच्यातून गळून बाहेर आलं होतं?

डिस्पॅचवाला, उद्यमबाग

गळालं होतं. आम्ही त्यालाच रनआउट म्हणतो. साच्याची सांध नीट बसली नाही की मेटल बाहेर येतंय.

खानापूरच्या बाई

मग हा मेल पाठवू नका. 'वी रॅन आउट ऑफ मेटल' म्हणजे आमच्याकडचं लोखंड संपलं. 'द मेटल रॅन आउट ऑफ द मोल्ड' म्हणजे साच्यातून बाहेर आलं. शब्द तेच, कर्ता बदलला की अर्थ फिरला. तुम्ही 'मेटल रॅन आउट ऑफ टू मोल्ड्स' लिहा.

डिस्पॅचवाला, उद्यमबाग

अरे देवा. लोखंड संपलेली फाउंड्री म्हणून पुढच्या ऑर्डरीच गेल्या असत्या. बदललं बाई, आत्ता पाठवतोय.